तिसऱ्या घराची मागची खोली

१

नारायण पेठेत झेरॉक्सच्या एका दुकानावर दोन खोल्या होत्या. तिथं सूरजचं ऑफिस. रोज सकाळी चहा झाला की तो खुर्ची ओढून बसायचा आणि तासभर पाणी काढायचा.

खेळातलं पाणी. खेळाचं नाव 'ओसर'. पूर येऊन गेलेली पाच घरं, आणि घरात दुसरं कोणीही नाही. पंप लावायचा, वायपरनं गाळ लोटायचा, बादल्या भरून बाहेर ओतायच्या, शेवटी फडक्यानं फरशी पुसायची. घाई नाही, मारामारी नाही, हरणं नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आकडा चढत जातो. शंभर टक्के झाले की खिडकीतून ऊन येतं आणि ते घर संपतं. कामानं पिळून निघालेली माणसं संध्याकाळी अर्धा तास हे करत बसायची आणि फार बरं वाटलं म्हणून कळवायची.

"घरची फरशी पुसायला बाई लावतात आणि इथं येऊन पुसतात," आमोद म्हणायचा. ऑफिस त्याचं, खेळाची कल्पनाही त्याची. "आपण काही बोलायचं नाही. आपण फक्त गाळ पुरवायचा."

तिघंच होते ते. आमोद, आवाजाचं सगळं काम बघणारी शेफाली आणि घरं तयार करणारा सूरज. खेळ बाजारात येऊन महिना झाला होता. आमोद रोज काही ना काही दुरुस्त करायचा, आणि त्यात दुसरं काही बिघडलं नाही ना हे बघायला सूरज दुसऱ्या दिवशी पाचही घरं स्वच्छ करायचा. इतक्या वेळा केली होती की हात आपोआप चालायचे.

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी तिसरं घर नव्व्याण्णव टक्क्यांवर अडलं.

सूरजनं पलंगाखाली पाहिलं, ओट्याखाली पाहिलं, न्हाणीघराचा कोपरा परत पुसला. आकडा हलेना. शेवटी सापडलं ते मागच्या खोलीच्या दाराशी. बंद दाराच्या खालून बोटभर रुंदीचा पाण्याचा ओघळ स्वयंपाकघरात आला होता. त्यानं पुसला. फरशी कोरडी झाली. तो बघत राहिला, आणि थोड्या वेळानं ओघळ परत आला.

आता गंमत अशी की ते दार म्हणजे नुसतं चित्र होतं. भिंतीवर चिकटवलेला दाराचा फोटो. पलीकडे खोली त्यानं केलीच नव्हती. जिथून पाणी यावं अशी जागाच नव्हती तिथं.

चुकांच्या यादीत त्यानं लिहिलं, 'तिसरं घर, मागचं दार, ओल.' आणि पुढच्या घराकडे वळला. तिसऱ्या घरात तो एरवीही फार वेळ थांबत नसे, कारण तिसरं घर त्याचं स्वतःचं होतं.

२

सिंहगड रोडच्या मागं, नदीच्या अंगाला एका जुन्या सोसायटीत ते तळमजल्यावर राहायचे. वडील उत्तरेश्वर, आई मुक्ताई आणि सूरज. वडील बार्शीकडचे. तीस वर्षांपूर्वी पुण्यात आले आणि निवृत्त होईपर्यंत दुधाच्या गाडीवर राहिले. सूरज त्यांना अण्णा म्हणायचा.

गेल्या वर्षीच्या जुलैत पाऊस थांबेना, खडकवासल्यातून पाणी सुटलं आणि गुरुवारी पहाटे नदी सोसायटीत शिरली. मुक्ताईला शेजाऱ्यांनी वर ओढून घेतलं. उजाडल्यावर सगळ्यांना शाळेत नेलं. सूरज ऑफिसातच अडकला होता. अण्णा चुलतभावाच्या तेराव्याला गावी गेले होते आणि शनिवारी यायचे होते. त्यांचा फोन लागत नव्हता, पण गावात तो तसाही कधी लागायचा नाही. उलट मायलेकांना बरंच वाटलं, की निदान ते तरी कोरड्यात आहेत.

शुक्रवारी दुपारी पाणी गुडघ्यापर्यंत उतरलं तेव्हा सूरज एकटा घरात शिरला. ऑफिसचा कॅमेरा बॅगेतच होता. आमोदनं फोनवर सांगितलं होतं, "काही हलवायच्या आधी फोटो काढून ठेव. पंचनाम्याला लागतील. आणि खरं सांगू, आपल्यालाही लागतील." त्यानं पुढच्या दोन्ही खोल्यांचा इंच न् इंच टिपला. मागची खोली दोन पायऱ्या खाली होती. तिचं दार फुगून बसलं होतं. त्यानं दोनदा खांदा लावला. हललं नाही. दाराचा फोटो काढला आणि तो निघाला.

शनिवारी सकाळी अग्निशामक दलाच्या लोकांनी दार फोडलं तेव्हा आत अण्णा होते.

बुधवारी रात्रीची एसटी पकडून ते दोन दिवस आधीच आले होते. पहाटे गल्लीतल्या मागच्या दारानं आत शिरले असावेत, मुक्ताई घरात अडकली असेल म्हणून. लोखंडी कपाट त्यांच्या पायांवर पडलं होतं. पाणी छातीपर्यंत. डॉक्टर कागदावरून मान वर न करता म्हणाले, "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तरी होते."

सूरजला कोणी काही बोललं नाही. "तुला काय ठावं व्हतं बाळा," असं मुक्ताईच म्हणाली. आणि महिनाभरानं आमोदनं फार अवघडून विचारलं, "ते घर खेळातून वगळूया का?" तेव्हा सूरज म्हणाला, "राहू दे." का म्हणाला ते त्याला धड सांगता आलं नसतं. भिंतीवरच्या तसबिरी त्यानं काढल्या, दारावरची पाटी काढली. त्याला वाटलं, कुठंतरी ते घर रोज कोणी स्वच्छ करत राहील.

३

तो ओघळ आमोदला काही सापडला नाही. "माझ्याकडे शंभर होतंय," तो म्हणाला. "तुझ्या मशिनला सर्दी झाली असेल."

पण गुरुवारी सूरज खेळणाऱ्यांचे अभिप्राय वाचत बसला होता. बहुतेक तिसऱ्या घराविषयीच होते. लोकांना तेच सगळ्यात आवडायचं. उत्कर्षा नावाच्या कोणा मुलीनं लिहिलं होतं, 'तिसऱ्या घरात तो थेंब पडत राहतो ना, टक... टक... मी तो लावून झोपते. फरशी कोरडी होत आली की थेंब विरळ होतो आणि बंद पडतो, तेव्हा कसंतरीच होतं.' तिच्या खाली आणखी एकानं विचारलं होतं, 'मागची खोली कधी उघडणार?'

सूरज खेळ तपासायचा तो आवाज बंद ठेवून. पाच घरांचं तेच ते खळखळणं रोज कोण ऐकणार? त्यानं खुर्ची शेफालीकडे वळवली.

"तिसऱ्या घरात थेंब कसला घातलायस?"

"मी नाही घातला. तुझ्याच रेकॉर्डिंगमध्ये आहे," शेफाली म्हणाली. "नळ गळत असेल तुमचा. मला आवडला म्हणून तेवढा तुकडा उचलून परत परत वाजत ठेवला. पाणी जास्त तर आवाज मोठा, पाणी कमी तर बारीक, एवढंच मी केलं."

त्या शुक्रवारी सूरजनं आवाज धरायचं छोटं यंत्रही नेलं होतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ते चालू करून तो बाहेर गेला होता, आपल्या पावलांची खळखळ त्यात येऊ नये म्हणून. दहा मिनिटं कोपऱ्यावर उभं राहून चहा प्यायला होता.

"त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं," तो म्हणाला. "तीन दिवस नव्हतं."

"मग छत गळत असेल."

"वर बिऱ्हाड आहे. आणि पाऊस सकाळीच थांबला होता."

शेफालीनं त्याच्याकडे पाहिलं. तिला अण्णांचं माहीत होतं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं आणि ती घाईनं म्हणाली, "सूरज, पाणी असलं की शंभर गोष्टी वाजतात. भांडं तरंगत असतं, भिंतीला लागतं."

"हो," सूरज म्हणाला. "भांडंच असेल."

४

दहा मिनिटांची ती मूळ फाइल त्यानं दुसऱ्या दिवशी ऐकली. ऐकायची नाही असं त्यानं ठरवलं होतं. मग वाटलं, ऐकली की भांडंच आहे हे कळेल आणि विषय संपेल.

सुरुवातीला नुसतं पाणी. दूर कुठं तरी पंपाची घरघर. तिसऱ्या मिनिटाला पहिला आवाज आला. टक. धातूवर धातू. मग बराच वेळ काही नाही. मग टक, टक.

भांडं पाण्याबरोबर हलतं. त्याला एक लय असते. ही लय नव्हती. दोनदा वाजायचं आणि थांबायचं. कोणी ऐकतंय का याचा अंदाज घेतल्यासारखं थांबायचं. परत दोनदा. सहाव्या मिनिटाला सलग पाच वेळा वाजलं आणि मग इतका वेळ शांतता, की सूरजनं फाइल संपली का म्हणून पाहिलं. संपली नव्हती.

नवव्या मिनिटाला पाण्यात पावलं वाजली. गमबूट घातलेली जड पावलं. ती जवळ आली तशी टकटक एकदम वाढली. आता ती थांबत नव्हती. घाईघाईनं, वेडीवाकडी, जीव खाऊन कोणीतरी वाजवत होतं.

आणि त्या सगळ्यावर सूरजचा स्वतःचा आवाज आला, हसरा.

"हो रे, झालंच. निघतोय आता. नाही नाही, भारी मिळालंय सगळं."

त्या दिवशी घरात शिरल्यापासून त्याच्या कानात इअरफोन होते. तो आमोदशी बोलत होता.

पावलं थबकली. बटणाचा खटका. फाइल संपली.

सूरजनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. खाली दुकानात झेरॉक्सचं मशीन चालू होतं, कोणीतरी दोन्ही बाजूंनी काढा म्हणून सांगत होतं. मेंदू अजून हिशेब मांडत होता. कपाटाचं सुटलेलं दार असेल. बिजागरी असेल. मी चाललो म्हणून पाणी हललं, पाणी हललं म्हणून दार जोरात आपटलं. बरोबर आहे. अगदी बरोबर आहे. त्यानं हे तीन वेळा मनात म्हटलं. मग उठून मोरीत गेला आणि नळ सोडून ओकला.

५

सोमवारी दुपारी आमोद बँकेत गेला होता आणि शेफाली खाली जेवायला. सूरजनं तिसरं घर उघडलं. पाणी काढलं नाही. घरभर ते गुडघाभर उभं होतं, आणि स्पीकरमधून टकटक येत होती.

खेळ बनवणाऱ्यांना भिंतीतून आरपार जाता येतं. एक कळ दाबली की नजर मोकळी सुटते, हवी तिथं नेता येते. भिंतीच्या पलीकडे काही नसतं, नुसता राखाडी रंग. तोच बघायला तो गेला. राखाडी रंग दिसला की आपण घरी जाऊ, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

दाराच्या चित्रातून तो पलीकडे गेला आणि स्क्रीन काळी झाली.

आधी त्याला वाटलं, बंद पडलं. मग डोळे सरावले. तो खाली होता, फार खाली. पाणी हनुवटीपाशी असावं तसं दिसत होतं. मागं वळून पाहायला त्यानं माउस फिरवला. नजर वळली नाही. पुढं न्यायचा प्रयत्न केला. सरकली नाही. समोर दाराची आतली बाजू होती, कच्च्या लाकडाची, त्यानं कधीच न टिपलेली. फळी मध्ये चिरली होती आणि त्या उभ्या चिरेतून उजेड येत होता.

चिरेपलीकडे स्वयंपाकघर होतं. पाण्याची पातळी. आणि त्या पाण्यात कोणीतरी उभं होतं.

'ओसर'मध्ये माणसं नव्हती. माणसाचं एकही चित्र त्यांनी बनवलेलं नव्हतं. चिरेतून दिसत होते फक्त दोन पाय, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, पोटावर लोंबणारा कॅमेरा आणि कानाकडे गेलेला एक हात. चेहरा चिरेच्या वर राहिला होता.

सूरजनं बटण दाबलं. खेळात त्या बटणानं वायपर चालतो. अंधारात काहीतरी कशावर तरी आपटलं. टक.

पाय जवळ आले. चीर काळी झाली. दार एकदा हललं, परत एकदा हललं. बाहेरून कोणीतरी खांदा लावत होतं.

सूरज बटण दाबत सुटला. टक, टक, टक, टक. त्याला ओरडायचं होतं. मी आहे इथं. अरे, मी आहे. चीर परत उजळली. पाय दोन पावलं मागं गेले. कॅमेरा वर उचलला गेला आणि एक लख्ख पांढरा झोत चिरेतून आत आला. फोटो काढला होता. मग पाय वळले. कोणीतरी हसलं, आणि पाण्यातली पावलं दूर दूर होत गेली.

"सूरज! अरे, काय करतोयस? माउस फोडशील."

शेफाली त्याचा हात मनगटाशी धरून उभी होती. तिनं स्क्रीनकडे पाहिलं.

"काय बघतोयस? नुसतं राखाडी आहे."

आणि खरंच, स्क्रीनवर राखाडी रंगाशिवाय काही नव्हतं.

६

"तिसरं घर काढ," तो संध्याकाळी आमोदला म्हणाला.

"लोकांना तेच आवडतं. बाकीच्या चारांना कुत्रं विचारत नाही," आमोद म्हणाला आणि मग त्यानं सूरजच्या तोंडाकडे पाहिलं. त्यानं कीबोर्ड पुढं ओढला. आठ वाजेपर्यंत तिसरं घर सगळ्यांच्या खेळातून गेलं होतं. सूरजच्या लॅपटॉपवर जुनी प्रत होती तेवढीच उरली.

पुरानंतर मायलेक कात्रजला भाड्यानं राहत होते, तिसऱ्या मजल्यावर. तळमजला मुक्ताईला नको होता. तो घरी पोचला तेव्हा ती परातीत मेथी घेऊन निवडत बसली होती.

"जेवायला वाढू का?"

"नको."

"चार दिस बघती मी. पोटात काय जात न्हाय तुझ्या. काय झालंय?"

त्यानं सांगितलं. उभ्याउभ्यानंच सांगितलं, सगळं. कॅमेरा, इअरफोन, चहा, फाइल. चिरेतून दिसलं तेही. बोलून झाल्यावर तो भिंतीला टेकून खाली बसला. तिनं मारावं, निदान किंचाळावं, म्हणून वाट बघत राहिला. मुक्ताईनं हातातली जुडी संपवली. देठं एका बाजूला केली. हात पदराला पुसले.

"त्यो आवाज कुठं हाय आता?"

नाही म्हणता आलं असतं. काढून टाकला, असं सांगता आलं असतं.

"आहे," सूरज म्हणाला.

"दाव."

त्यानं लॅपटॉप परातीशेजारी ठेवला आणि हेडफोन तिच्या कानांवर चढवले. ती डोळे मिटून ऐकत राहिली. तिच्या ओठांची हालचाल होत होती. ती मोजत होती.

"थांबून थांबून वाजवत्यात," ती हळू आवाजात म्हणाली. "दम लागलाय ह्यास्नी."

७

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला माउस धरायला शिकव म्हणून सांगितलं. त्यानं शिकवलं. त्याला वाटलं, तिला घर पुसायचं असेल. एकदा हातानं पुसून काढलं की ती मोकळी होईल.

तिला पंप जमला, बादली जमली. तो ऑफिसला जायचा तेव्हा ती पदर खोचून लॅपटॉपसमोर बसलेली असायची आणि परत यायचा तेव्हाही. भाजी आणायला खाली जाणं सुटलं. शेजारच्या प्रेमलाताई दोनदा दार वाजवून गेल्या. त्यांनाही तिनं उघडलं नाही. ती रडत नव्हती. बोलायला लागली होती. हेडफोन लावून स्क्रीनशी अगदी हळू बोलायची. गावाकडच्या कोणाचं लग्न ठरलं, गॅस महाग झाला, सूरजला सर्दी झालीय.

शनिवारी त्यानं तिच्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं. कोपऱ्यात आकडा होता एकतीस.

काल तो साठ होता.

"आई, हे उलटं चाललंय. पाणी वाढतंय."

"म्हाईत हाय मला."

ती न्हाणीघरातून बादली भरायची, स्वयंपाकघरात यायची आणि मागच्या दारापाशी जमिनीवर ओतायची. खेळात तसं करता येतं. कोणी करत नाही. पाणी ओट्याच्या कडेला लागलं होतं. सूरजनं मागच्या दाराकडे पाहिलं. मागची खोली दोन पायऱ्या खाली होती.

"आई, नको ओतूस. आत ते... पाणी वर चढतंय त्यांच्या."

मुक्ताईनं एका कानावरचा हेडफोन सरकवला. टकटक त्याला एवढ्या लांबूनही ऐकू आली. जोरात, सलग, श्वास न घेता.

"पानी उतरलं की थांबत्यात रं," ती म्हणाली. "मी परवा समदं पुसून काढलं, दाराखालची वलबी. शंभर झालं, ऊन आलं खिडकीतनं. आन् ह्ये गप झाले. मी दुपारभर हाका मारल्या." तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, काहीच नव्हतं. "तवापासनं परत वतती हाय. पानी असलं की हायेत त्ये. कळलं का?"

त्याला कळलं. त्यानं लॅपटॉप बंद करायला हात पुढं केला, आणि तो हात झाकणावर तसाच राहिला. बंद केला तर आवाज थांबणार होता. आधी एकदा, त्या शुक्रवारी संध्याकाळी, तो थांबला तेव्हा सूरज दूर कुठंतरी कॅमेरा पुसत होता.

मुक्ताईनं मनगट चोळलं. बोटं सुजली होती तिची.

"जरा धर तू," ती म्हणाली आणि सरकून त्याला जागा करून दिली. "हात भरून आलाय माझा. थांबू नगंस पर."

सूरज तिच्या शेजारी बसला. तिनं हेडफोनची एक बाजू त्याच्या कानाला लावली आणि दुसरी स्वतःच्या. आत कोणीतरी जीव खाऊन वाजवत होतं. त्यानं न्हाणीघरात जाऊन बादली भरली, सांडू न देता दारापाशी आणली आणि ओतली.